शून्य तारीख

घरचा गणपती दीड दिवसाचा, वाचनालयाला सुट्टी पाच.
उरलेले साडेतीन मी मागून घेतले.
केप्याच्या बाजारात चवथीच्या आठवड्यात
कुणाला पुस्तक आठवत नाही.

डेटाबेस पाचाच्या आवृत्तीवर. पाचावर धारण बसून
बारा वर्षं झाली, हात लावायची कुणाची छाती नव्हती.
आता पाचावरून थेट आठावर.
सहा-सात कुठे गेले ते मला विचारू नका.

सॉफ्टवेअर खुलं, कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं,
म्हणजे बिघडलं की माझं.
वेळीप मास्तरांनी बसवलं, मग त्यांची वाळपईला बदली झाली.
एका ओळीच्या कडेला त्यांनी लिहून ठेवलंय: नंतर बघू.
नंतर म्हणजे मी.

पहिल्या रात्री 'रँक' अडला.
आमचा साधा रकाना, पुस्तकाचा खण सांगणारा.
नव्या आवृत्तीनं तो शब्द स्वतःसाठी राखून ठेवलाय,
कदंबच्या पुढच्या बाकासारखा.
दोन्ही कानांवर तिरकी टिकली खोवली. बसला.

मग जुआंव फुर्तादो. त्यांच्या नावातला
डोक्यावर लाट असलेला स्वर
जुन्या अक्षरसंचात फुटून दोन परकी चिन्हं झाला होता.
बारा वर्षं ते त्याच नावानं पुस्तकं नेत राहिले,
एकदाही काही बोलले नाहीत.
लाट परत जागेवर ठेवली.

घरी माटोळीची चौकट जुनीच असते,
आंबाडे, कांगणां, तोरंजन दर वर्षी नवं.
इथे उलटं. चौकट नवी,
आणि तीच सुकलेली फळं
केवणीच्या दोरीनं एकेक पुन्हा बांधायची,
एकही गळू न देता.

तिसऱ्या रात्री सगळंच थांबलं.
'पुस्तक परत आल्याची तारीख' या रकान्यात
शून्य साल, शून्य महिना, शून्य दिवस.
नवी आवृत्ती म्हणते, असा दिवस नसतो.
खरंच आहे.
पण आम्ही त्या एका दिवसावर
दोनशे चौदा पुस्तकं ठेवून दिली होती.

मोगरी पागी, शिवणकाम भाग पहिला.
दायमोद, जो जहाजावर गेला
आणि जाताना नकाशांचं पुस्तक घेऊन गेला.
कुंकळ्येकर सर, शब्दकोश, खंड दुसरा;
पहिला खंड अजून इथे, 'न'पाशी संपलेला.
एकशे एकोणनव्वदावी मी.
ते पुस्तक घरी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीला
अडकण म्हणून; पावसात फुगून
खिडकीच्याच मापाचं झालंय.

शोधलं तर उपाय सापडतो:
सरळ एक जानेवारी सत्तर भरा, सगळे भरतात.
बोट कळीवर होतं.
पण मग मोगरीनं पुस्तक परत केलं असं होईल,
तेही स्वतःच्या जन्माआधी,
आणि हे वाचनालय, जे तेव्हा नव्हतंच,
त्या पहाटे पुस्तक घ्यायला दार उघडून बसलेलं असेल.

नाही.
रिकामं ठेवलं. शून्य नाही, नुसतं रिकामं,
तारखेची वाट बघू शकेल असं.
दंडाचा हिशेब तेवढ्यानं कोसळला,
रात्री दोनला तो परत उभा केला. त्याच्याबद्दल
लिहिण्यासारखं काही नाही, फक्त पाठ दुखली.

बदल मूळ सॉफ्टवेअरकडे पाठवून दिला.
कुठल्याशा गावात कुणीतरी
याच नसलेल्या दिवसापाशी अडकून बसलं असेल,
त्याचा मास्तरही बदली होऊन गेला असेल.
मास्तरांची ओळ मात्र पुसली नाही.
तिच्याखाली लिहिलं: बघितलं. आणि तारीख, खरी.

पाचव्या संध्याकाळी कुशावतीकडून फटाक्यांचे आवाज,
पाच दिवसांचे गणपती निघाले होते.
मी शेवटचं पान पुन्हा वर सरकवून वाचलं:
दोनशे चौदा नोंदी बदलल्या.
चुका शून्य.

हे शून्य त्याला चालतं.