तारखेची बाजू

पट्टी कापायची ती तारखेच्या उलट्या बाजूनं,
हे सासऱ्यांनी शिकवलं मला
पूर्णगडच्या दुकानात, लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात,
गूळ कसा फोडायचा त्याच्याही आधी.
"शेवटची गोळी जाईपर्यंत तारीख आपल्याकडे राहायला हवी."
मला वाटलं, लक्ष ठेवायला सांगतायत.

बरणीत तापाच्या, डोक्याच्या, पोटाच्या,
चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या.
खाडीवरचा खारा वारा झाकणातूनही आत शिरायचा,
चंदेरी कागदाला फोड यायचे.

जुबेदा होडेकर यायची मासळी विकून दुपारची.
पाटीत उरलेला सौंदाळा माझ्या पायरीवर ठेवायची.
मी कल्ला उचलून बघायची, लाल आहे ना.
"बघ, बघ. सकाळचाच हाय."
मग कनवटीची गाठ सोडत, दोन तापाच्या दे गं, नातवाला.
मी कात्री घ्यायची.
ती काही उचलून बघायची नाही.
गोळीला कुठे कल्ला असतो?

मे महिन्यात रत्नागिरीहून साहेब आले,
घामानं थबथबलेले, आधी पाणी मागितलं.
मग बरणी उलटी केली वर्तमानपत्रावर.
मुदत संपलेलं विकायचं नाही. विकायला ठेवायचंही नाही.
वेगळं खोकं करा, वर ठळक अक्षरांत लिहा.
सासरे म्हणाले, "औषध काय बांगडा आहे, साहेब, नासायला?"
साहेब हसले नाहीत.
एक तुकडा उजेडात धरला त्यांनी,
एकच गोळी उरलेला,
आणि महिना वाचला. गेल्या वर्षाच्याही मागचा.

रात्री मी उधारीची वही काढली.
जुबेदा, २ ताप. जुबेदा, २ ताप. जुबेदा, ४.
एका पावसाळ्यात एवढा ताप.
पोरगा आता होड्यांवरून उड्या मारतो,
तेव्हा काही झालं नसेल.
गुणही आला नसेल. कोण सांगणार?

कुठल्याही टोकानं कापा, तारीख एकालाच मिळते.
म्हणून हल्ली पुडीच्या कागदावर
मी बॉलपेननं लिहून देते, महिना आणि साल.
जुबेदा पुडी उलटीसुलटी करते.
"ह्या काय? उधारी लिवलीस?"

"नाही," मी म्हणते,
आणि वाचून दाखवते,
मोठ्यानं,
आतल्या खोलीत सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या.