ताण

सरकी सहा महिन्यांची झाली तेव्हा
झाडं ताणावर होती.
मे महिना, पाणी तोडलेलं,
संत्र्याची पानं मुडपून कानांसारखी झालेली,
आणि ही बांधाच्या सावलीत पाय वर करून झोपलेली,
पोट कोरं.

वरूडचे डॉक्टर म्हणाले, आताच आणा.
म्हटलं, आणते.
मग लग्नं निघाली, मग मोटार जळाली,
मग रुक्माकाकू म्हणाली,
"एक वेत तरी होऊ दे वं तिचं.
माय झाल्याबिगर कुत्री शहाणी होत नाही."
काकूला पाच झाली.
शहाणपणाबद्दल मी काही बोलले नाही.

ढोमणे म्हणाले, "निसर्गाच्या आड काहून येता?"
हे ते स्वतःच्या बागेत उभे राहून म्हणाले,
जिथं चारशे झाडं त्यांनी महिनाभर तहानेली ठेवली होती,
बहार आपल्या तारखेला फुटावा म्हणून.
मला हसू आलं.
धुऱ्यापर्यंतच टिकलं ते.
धुऱ्याच्या अलीकडं माझी झाडं होती.

सात भावंडं होती ती,
बस थांब्यामागं, रिकाम्या क्रेटांखाली.
दोन संत्र्याच्या ट्रकखाली गेली,
तीन थंडीनं,
एक कुणीतरी नेलं म्हणतात.
कुणीतरी नेलं म्हणतात तेव्हा मी पुढं विचारत नाही.
सातवी मी फडक्यात घालून आणली.
अंगावर सरकीसारखी लव, म्हणून सरकी.
तिची आई अजून थांब्यावरच असते.
तिचं पोट पुन्हा खाली आलंय.

माझी तारीख मोठ्या दिरानं ठरवली होती.
शिबिराची गाडी बुधवारी येते, म्हणून बुधवार.
मी हो म्हटलं होतं का, आठवत नाही.
नाही म्हटलं नव्हतं, एवढं नक्की.

दुपारभर तिच्याकडं बघत बसायची मी.
आपलं काही ठरायचं आहे
हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि एका सकाळी सारवलेल्या ओसरीवर
कुंकवाएवढा थेंब. पुढं आणखी एक.
यामिनी म्हणाली, "आई, लागलं का तिले?"
यामिनी अकरा वर्षांची आहे.
तिला जवळ बसवलं, सगळं सांगितलं, कुत्रीचं,
आणि कुत्रीच्या निमित्तानं बाकीचंही.
आम्ही दोघींनी मिळून ओसरी पुसली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आता नका आणू,
आता नसा भरलेल्या असतात, रक्त आवरत नाही.
संपू द्या. मग अडीच महिने मोजा.
"मेमध्येच म्हटलं होतं तुम्हाला," असंही म्हणाले.
म्हटलं, हो.

एकवीस दिवस सरकी मोटारघरात.
बाहेर गावातले झाडून सगळे नर,
नदीपलीकडून आलेला एक एकडोळ्या,
आणि ढोमण्यांचा पट्टेवाला मोती,
ज्याच्या निसर्गाच्या आड कुणीच येत नाही.
रात्री ती दारावर नखं घासायची.
तीन रात्री मी आतून कडी लावून
तिच्याशेजारी गोणपाटावर झोपले.
फुटलेल्या बहाराचा वास फटीतून आत येत होता,
आणि ती गुरगुरत होती, माझ्यावरच.
तिचा राग मला कळत होता.
राग कळला म्हणून काही दार उघडता येत नाही.

कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर यामिनीनं
पोळा ओलांडला, तान्हा पोळा ओलांडला,
आणि एका शुक्रवाराला गोल केला.
"आता पक्का ना?"
एक वेत, निसर्ग, जरा थांबून बघू,
सगळं एकदा मनात फिरून गेलं.
पक्का, म्हटलं.
यावेळी माझ्या तोंडून निघालं, मी ऐकलं.

आज गुरुवार.
आठ वाजल्यापासून तिला काही द्यायचं नाही.
पहाटे पाणीही बंद.
ताटली धुऊन पालथी घातली आहे.
ती ताटलीकडं बघते, मग माझ्याकडं.
मीही जेवले नाही आज.
त्याचा तिला काही उपयोग नाही.

यामिनी कंदिलाएवढ्या बल्बखाली
बापाच्या जुन्या बनियनचं अंगडं शिवतेय,
टाके चाटू नये म्हणून.
घाईत तीनच भोकं पाडली होती.
आता चौथं कापतेय.