नऊ मिनिटं

डुलुथ, जानेवारी. बाहेर उणे सव्वीस,
आणि आत रॅकमधला रेकॉर्डर तापाने फणफणलेला.
तीन दिवस पंख्याला घरघर लागली होती,
खरोखरची, जात्यासारखी.

दोन वाजून चार. बंद केला.
झाकणाचे अकरा स्क्रू कागदी कपात,
बारावा आधीच कुणीतरी हरवलेला.
आत धुळीची लोकर, राखाडी,
आणि झाकणाच्या पोटाशी चिकटपट्टी:
पंखा बदलला. बाण मागे. आर्ने.

आर्ने हाउगेनला मी पाहिलेलं नाही.
त्याची खुर्ची तेवढी मिळाली, आणि हे अक्षर.
बाण मागे केला.

नवा पंखा एकदा अडखळला,
मग इतका गप्प फिरू लागला
की मागे हात धरून बघावं लागलं.
तळहातावर ऊन श्वास.

दोन वाजून तेरा. चित्र परतलं.
तोच धक्का, तेच गोठलेलं सरोवर.
फक्त मघाच्या कोऱ्या बर्फावर
आता पावलांची एक ओळ,
डावीकडून दिव्याच्या खांबापर्यंत,
पुढे नाही.

कोल्हा असेल.
नोंदवहीत मी
पंख्याचंच तेवढं लिहिलं.