सातवी पायरी

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवरच्या खोलीत
मी वाक्यं दुरुस्त करतो.
पगार नाही. संध्याकाळी सातनंतर, शिंका आवरत.

जुन्या लॅपटॉपच्या पोटात एक चिप असते,
कोळ्यासारखी, आठ पायांची.
कंपनीनं तिला शिकवून पाठवलेलं पुसायचं,
आणि उघड्यावर लिहिलेलं, कुणालाही वाचता येणारं
फर्मवेअर तिथं बसवायचं.
ते लिहिणारे वेगळे. मी फक्त सांगतो
कुठला स्क्रू आखूड, कीबोर्डची पट्टी कुठून सुटते,
ठिपक्याजवळचा पाय तो पहिला.

दुसऱ्या वर्षी सगळीकडचं 'करावे' खोडून 'कर' केलं.
रात्री एकटा माणूस मशीन उघडून बसलेला असतो,
त्याला परिपत्रक काय कामाचं.

मार्गशीर्षात संकेश्वरहून ईरण्णा आला,
कापडी पिशवीत लॅपटॉप, वरून टॉवेल.
दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी.
म्हणाला, "सर, तुमचं बरोबरच असणार.
माझं मराठी कच्चं हाय. मीच उलटं वाचलो बघा."

सातवी पायरी उघडली.
पाच व्होल्ट.
माझ्याच हातचं. सव्वा वर्ष तिथंच उभं.
हवं होतं तीन पूर्णांक तीन.

अजून किती जण
काळ्या स्क्रीनपुढं स्वतःलाच कच्चं म्हणून
झाकण मिटून झोपले असतील?

"तू नीटच वाचलंस," म्हटलं.
त्यानं बोट लावून ओळ परत वाचली.
मग हळू म्हणाला, "हौदल्ला."
हसला मात्र नाही.

दस्तगीरनं भंगारातल्या बोर्डाची चिप उचलून बसवली.
मूळ प्रत ईरण्णाकडं होती,
दोनदा काढलेली, जुळवलेली.
तिसरी पायरी तेवढी मी धड लिहिली होती.

आता सातवीत असं आहे :
'तीन पूर्णांक तीन. पाच नाही.
आधी इथं पाच होतं, ती चूक माझी.'
शेवटचं वाक्य काढ म्हणतात, पान स्वच्छ दिसेल.
राहू दे दिसतंय तसं.

शनिवारी ईरण्णा येतो, खाली कन्नड लिहीत जातो.
काल आठवीपाशी अडला.
"'थोडा वेळ थांब' म्हणजे किती, सर?"
आठ वर्षं झाली ते लिहून.
मला माहीत नव्हतं.
"मशीन आणलंयस?"
"आणलोय की."
"मग लाव क्लिप. मी घड्याळ बघतो."