बॅटरीवाल्याची जागा

मी सिनेमा पाहत नाही, माणसं पाहतो.
सव्वीस वर्षं पडद्याकडे पाठ,
हातात तीन सेलची बॅटरी,
मुरूडची रत्नप्रभा टॉकीज.
लोक कुठे हसले त्यावरून कळतं रीळ कितवं.
रिळं गेली केव्हाच. मी अजून रीळच म्हणतो.

शुक्रवार, पहिला खेळ.
बोटी आदल्या रात्री लागलेल्या, पोरांच्या खिशात पैसा,
अंगाला बोंबलाचा वास.
पोस्टरवर सगळे काळे. एखादा नाही, सगळे.
राजा, राणी, सेनापती, वैद्य,
मागे भाले धरून उभे असलेलेसुद्धा.
बाल्कनीतून आवाज आला,
"दाम्या, तुझं खानदान आलंय रे!"
मी हसलो. हसायचं असतं.
शाळेत मला डांबर म्हणत,
तेव्हाही मी सगळ्यांच्या आधी हसायचो.
लवकर आटपतं मग.

दहा मिनिटं असंच चाललं.
मग म्हणे राजा विजेसकट खाली उतरला.
मला फक्त त्यांच्या तोंडांवर पडलेला उजेड दिसला,
आणि हसू एकदम थांबलं नाही,
ओहोटी लागल्यासारखं पातळ होत गेलं.
रोहिदासच्या हातातला वडा
मध्यंतरापर्यंत तसाच राहिला.

बाकी काय, ज्याचं त्याचं.
पुण्याचं नवं जोडपं अर्ध्यात उठलं, "ओळखीचं कुणीच नाही यात."
भाटे सर म्हणाले, तांत्रिक बाजू उत्तम.
सुगंधा पंख्याखाली बसायला आलेली,
जाताना विचारून गेली,
राणीच्या हातातलं ते सोनं होतं का पितळ?

शनिवारी दुपारी राजपुरीहून मरजानचाचा आले.
सिद्दी. शिडाच्या होडीतून किल्ल्यावर माणसं नेतात.
रोज कुणीतरी विचारतंच,
चाचा, तुम्ही मूळचे कुठले?
राजपुरीचा.
नाही, त्याच्या आधी?
त्याच्या आधी आईच्या पोटात.

सोबत नात, जुवेरिया, सातवीतली.
"तिकीट एकच द्या, मला दिसत नाही, मी नुसतं ऐकणार."
मालकाने दोन फाडली.

कितव्यातरी रिळात राजाला कुणी अडवतं,
तू कोण, म्हणून.
तो हिंदीत नावं घेत जातो,
बापाचं, आज्याचं, पणज्याचं, मागे मागे.
चाचा वाकले, "काय म्हणतोय?"
"वाडवडील सांगतोय."
"किती?"
"सात झाले. अजून सांगतोय."

माझी बॅटरी चुकून लागली.
उजेडात त्यांचा हात,
अंगठा पेरांवरून सरकत होता.
तिसऱ्या पेरावर थांबला.
परत पहिल्यावर आला.
पुन्हा तिसऱ्यावर थांबला.
मी बॅटरी विझवली
आणि उगीचच दाराचा पडदा नीट केला.

खेळ सुटल्यावर विचारलं, कसा होता?
"आवाज फार मोठा," चाचा म्हणाले.
होडीची वेळ झाली होती.

सोमवारी किनाऱ्यावर पोरांचं भांडण,
राजा कोण होणार.
परवापर्यंत काळा म्हणजे राक्षस,
आणि राक्षस म्हणजे ज्याच्यावर राज्य येईल तो.
जुवेरियाला म्हणाले, तू हो, तुला काही फासायला नको.
ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.
"मी सेनापती," म्हणाली. "राजाला फार बोलावं लागतं."
आणि ओली काठी उचलून
त्यांच्यातल्या सगळ्यात गोऱ्याला पाण्यापर्यंत पळवलं.

गुरुवारी पोस्टर खरवडलं.
खळ वाळलेली, राजाचा एक खांदा भिंतीवरच राहिला.
त्यावर नवा सिनेमा चिकटवला,
हिरो गोरा, हिरॉईन त्याहून गोरी, मागे बर्फ.

शुक्रवारी पोरं पुन्हा दारात.
"राजे, बाल्कनीची चार, उजेड दाखवा!"
सगळे हसले.
मीही हसलो, हसायचं असतं.
फक्त या वेळी
सगळ्यांच्या नंतर.