हातचा एक

काठी मीच कापली आहे, सव्वा मीटरची.
एका बाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत
आडवी धरायची, मग बाक सरकवायचं.
दोनशे बारा बाकं, दर मे महिन्यात.
भिंतीवरचे तक्ते झाकायचे, घड्याळाला नवा सेल,
आणि पत्र्यावर नाचणाऱ्या सीगलना
शांत बसा म्हणून सांगायची काही सोय नाही.
ग्रिम्सबीतल्या शाळेचा केअरटेकर एवढंच करू शकतो.

नावं आडनावांच्या क्रमानं चिकटवतो.
सिम्स. स्लेटर.
दोघांच्या मध्ये स्केल्टन यायला हवी होती,
टॅम्सिन स्केल्टन, माझी मुलगी.
पण काठी सव्वा मीटर म्हणते
आणि काठी कुणासाठी वाढत नाही.

तीन वर्षांपूर्वी लोरेन तिला घेऊन नेब्रास्काला गेली
तेव्हा शाळेचा फॉर्म मीच भरून दिला.
इकडची आठवी म्हणजे तिकडची सातवी.
एक वजा करा, त्यांच्या ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली,
इतक्या सहज, की मी केलासुद्धा.

यंदा तिची तिथे दहावी.
कसली दहावी!
पिवळी बस, स्वतःचं कुलपाचं कपाट, गळ्याला टाय नाही.
सकाळी छातीवर हात ठेवून झेंड्यापुढे उभं राहायचं
(ती ओठ नुसते हलवते, असं म्हणते).
इतिहास की भूगोल, एक काय ते ठरव,
असं तेराव्या वर्षी कुणी दरडावत नाही.
आणि मार्क रोजचे, वाण्याच्या वहीसारखे.
गृहपाठ विसरला, खाली. सुधारून दिला, वर.
ए, बी, सी, डी, मग ई-ला टांग मारून थेट एफ.

माझा जून एकच होता.
रात्रभर गोदीवर मासळीच्या पेट्या उचलून
गणिताच्या पेपराला बसलो आणि डोळा लागला.
जाग आली तेव्हा हातावर पट्टीचे आकडे उमटले होते.
त्या दोन तासांनी जे ठरवलं
ते मी अजून आहे.

आज ब्रॅडली विंटल नऊ पस्तीसला धावत आला,
एका पायात मोजा नाही.
मी बाजूचं दार उघडलं.
ते माझं काम नव्हतं.

पालकांसाठी पासवर्ड देतात तिकडे. माझ्याकडे आहे.
रात्री दहाला, म्हणजे तिचे दुपारचे चार, मी बघतो.
जीवशास्त्र. प्रयोगवही. दाखल नाही.
समोर लाल शून्य.
फोन लावला. शून्य दिसतंय गं, म्हटलं.
डॅड, दोन टक्क्यांचं तर आहे,
शुक्रवारपर्यंत दिलं की भरून निघतं.

भरून निघतं.
मी विचारलं, किती उशिरापर्यंत घेतात?
बाईंना सांगायचं, त्या बघतात, म्हणाली.
मग मागे कुत्रं भुंकलं, कुणीतरी हाक मारली,
आणि घाईघाईत तिनं विचारलं, जेवलास का?
दोन वाढदिवस आणि तिचा शाळेतला तो कार्यक्रम
माझ्याकडून राहून गेला आहे.
वहीत कुठे मांडलं असेल कोण जाणे.
जेवलो, म्हटलं. जेवलो नव्हतो.

सकाळी साडेसहाला हॉल उघडला.
आज इतिहास. माणसं तीच, बाकं तीच,
शेवटच्या रांगेत भिंतीशी एक जास्त.

मिसेस ऑल्थॉर्प यादी घेऊन फिरतात,
त्यांच्या नजरेतून खडूचा तुकडाही सुटत नाही.
दोनशे तेरा कशी काय, मिस्टर स्केल्टन?
हातचा एक, मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
काठी मागून घेतली, अंतर स्वतः मोजलं.
सव्वा मीटर भरलं.
यादीच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी टिपलं
आणि दार उघडायला सांगितलं.