पाकळीचा ल

समितीपुढे मी अकरा पर्याय ठेवले.
नववा त्यांना आवडला, कारण तो
कुठल्याही शहरातल्या कुठल्याही संग्रहालयाला चालला असता.
शिरोरेघ काढली की अक्षरं ग्लोबल दिसतात,
अध्यक्ष म्हणाले, आणि चहा आला.

माझगावच्या टेकडीवर तेव्हा अजून परांची होती.
भिंतींना चुना, गूळ आणि बेलफळ पाजत होते.
दरवाज्यावरची फळी खरवडताना
आधी निघाला पालिकेचा हिरवा,
मग कुणाच्या तरी कारकिर्दीतला बदामी,
मग एक निळा
ज्याचा नंबर माझ्या शेडकार्डात नाही.
त्या निळ्यात: कलादालन.

इनास पेंटरचा हात, मिठबांवकर म्हणाले.
छत्तीस वर्षं इथल्या किल्ल्या सांभाळतायत,
अक्षरावरून माणूस ओळखतात.
गोदीत बोटींची नावं लिहायचा,
इथे शिडीवर चढला
तेव्हा जेवणाची सुट्टी होत आली असणार.

कलादालनात ल दोनदा येतो.
पहिला धडधाकट, दोन्ही पाकळ्या भरलेल्या.
दुसऱ्याच्या उजव्या पाकळीत ब्रश सुकत गेलाय,
केसाएवढ्या रेघा, पुढे नुसतं सागवान.
पुन्हा डब्यात बुडवायला तो खाली उतरला नाही.

मी ट्रेसिंग लावून तो ल उचलला.
स्क्रीनवर त्या पाकळीला एकशे बारा बिंदू लागले,
धडधाकट ल चौदात होतो.
समितीचा शेरा तीनदा आला: ल तुटला आहे, दुरुस्त करावा.
तुटला नाही, रंग संपला, मी कळवलं.
मग नववा पर्याय मंजूर झाला,
आणि आतल्या पाट्या तेवढ्या
माझ्यावर सोडल्या.

चिन्ह काय ते असूदे, मिठबांवकर म्हणाले,
लोक मला चित्रं विचारत नाहीत हो,
मुतारी विचारतात.
ती जरा मोठ्ठ्या अक्षरात लिवा.

उद्घाटनाला नववा सगळीकडे होता,
पिशव्यांवर, मगांवर, मंत्र्यांच्या शालीच्या खोक्यावर.
जिन्याशी माझी पहिली पाटी, त्याच निळ्यात
(दुकानदाराने चार वेळा ढवळून जमवला):
स्वच्छतागृह खाली.
खालीचा ल इनासचा.

शाळेतला एक पोरगा धावत आला,
न थांबता वाचलं
आणि दोन-दोन पायऱ्या उतरला.

आता कुणी मिठबांवकरांना काही विचारत नाही.
खुर्ची त्यांनी पाटीखाली ओढून घेतलीय,
येणाऱ्याकडे बघत बसतात.